वयात येण्याचे संगीत : मराठवाड्यातील मुंज, गोंधळ आणि मंगल कार्यालय

बीजसंज्ञा : संस्कारविधी, लोकसंगीत, गोंधळ, आख्यान, संबळ, जनसंगीत

प्रस्तावना

मानवी जीवनातील अवस्थांतरे संगीताशिवाय साजरी होत नाहीत. जन्म, नामकरण, जावळ, मुंज, विवाह या प्रत्येक प्रसंगाला महाराष्ट्रात विशिष्ट गीते, विशिष्ट वाद्ये आणि ती वाजविणारे विशिष्ट समाजघटक लाभले आहेत. यांपैकी विवाहगीतांचा अभ्यास मराठीत विपुल झाला. बालपण संपून जाणतेपण सुरू होण्याच्या प्रसंगी जे संगीत योजले जाते त्याचा स्वतंत्र विचार मात्र त्या मानाने कमी झाला आहे. मराठवाड्यात हा प्रसंग प्रामुख्याने मुंजीच्या रूपाने आणि तिच्या पाठोपाठ घातल्या जाणाऱ्या कुलदेवतेच्या गोंधळाच्या रूपाने प्रकट होतो. आज मुंज घराच्या अंगणातून मंगल कार्यालयात गेली आहे आणि तिच्याबरोबर गोंधळही गेला आहे. या स्थलांतरात गोंधळाचे नेमके काय टिकले आणि काय गळाले, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

लोककलांविषयीच्या लेखनात ‘ऱ्हास’ हा शब्द सहज येतो. जुने ते शुद्ध व नवे ते भ्रष्ट, असे गृहीत धरले की पुढचे विवेचन आपोआप विलापाच्या दिशेने जाते. येथे ती भूमिका स्वीकारलेली नाही. संस्कारप्रसंगी वाजणाऱ्या संगीताची कसोटी त्याच्या प्राचीनतेत शोधण्यापेक्षा त्याच्या कार्यात शोधावी, हा या विवेचनाचा आधार आहे. ज्याच्यासाठी हा सोहळा मांडला त्या मुलाला हे संगीत काय देते, हाच या चिकित्सेचा मुख्य प्रश्न होय.

मुंजीतील ताटातूट

फ्रेंच मानवशास्त्रज्ञ आर्नोल्ड व्हॅन गेनेप यांनी १९०९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अवस्थांतरविधींवरील ग्रंथात अशा विधींचे तीन टप्पे सांगितले आहेत. पूर्वीच्या अवस्थेपासून विलगीकरण, दोन अवस्थांमधील संधिकाळ आणि नव्या अवस्थेत समाजात पुनःप्रवेश. मुंजीच्या विधीत यांतील पहिले दोन टप्पे अगदी ठळक दिसतात. मातृभोजनात मुलगा आईच्या पानात अखेरचे जेवतो. त्यानंतर क्षौर, स्नान, मौंजी, दंड आणि गायत्रीचा उपदेश. शास्त्रदृष्ट्या तो आता आईचा राहिलेला नसतो, गुरूचा झालेला असतो. सायंकाळची भिक्षावळ हा संधिकाळाचा आविष्कार होय. घरचा मुलगा त्या वेळी भिक्षेकरी होतो आणि वाजतगाजत मंदिरात जातो.

तिसरा टप्पा, म्हणजे पुनःप्रवेश, वैदिक विधीत समावर्तनाने पूर्ण होत असे. गुरुगृहीचे अध्ययन संपवून परत येण्याचा हा संस्कार सोडमुंजीच्या नावाखाली आज केवळ काही मिनिटांचा उपचार झाला आहे. मग मुलाला पुन्हा घरात घेण्याचे कार्य प्रत्यक्षात कोण करते? मराठवाड्यातील देशस्थ कुटुंबांपुरते पाहिले तर ते गोंधळ करतो, असे म्हणावे लागते. शुभकार्य निर्विघ्न पार पडल्यावर कुलदेवतेचा गोंधळ घालण्याचा कुलाचार देशस्थांप्रमाणे मराठा व इतर अनेक समाजांत आहे. जेथे मुंज नाही तेथे तो विवाह, जावळ अशा प्रसंगी घातला जातो. मुंजीने मुलाला आईपासून वेगळे केले आणि गोंधळाने त्याला आणखी मोठ्या आईपुढे, तुळजापूरच्या भवानीपुढे किंवा माहूरच्या रेणुकेपुढे, उभे केले. वैदिक विधी व लोकविधी यांची ही सांगड परस्परपूरक आहे. पहिल्याची भाषा संस्कृत आणि दुसऱ्याची मराठी. पहिल्याचा मंत्र कानात सांगितला जातो आणि दुसऱ्याची कथा रात्रभर सर्वांसमक्ष उलगडते.

गोंधळ्यांमध्ये सांगितली जाणारी उत्पत्तिकथा या दृष्टीने लक्षणीय आहे. परशुरामाने बेटासुराचा वध केला, त्याच्या शिरापासून व तंतूपासून वाद्य सिद्ध केले आणि ते वाजवीत तो माता रेणुकेपुढे आला, अशी ती कथा आहे. तिच्या गाभ्याशी पराक्रम करून घरी परतलेला मुलगा आणि त्याचे स्वागत करणारी आई आहे, आणि या दोघांच्या मध्ये आहे एक वाद्य. वयात येण्याच्या संगीताची याहून समर्पक व्याख्या सापडणे कठीण आहे.

गोंधळाची घडण

गोंधळी समाजात कदमराई व रेणुकराई असे दोन प्रमुख भेद मानले जातात. पहिले तुळजाभवानीचे उपासक, तर दुसरे माहूरच्या रेणुकेचे. रा. चिं. ढेरे यांनी ‘मराठी लोकसंस्कृतीचे उपासक’ या ग्रंथात आणि औरंगाबादेत दीर्घकाळ अध्यापन केलेल्या प्रभाकर मांडे यांनी आपल्या लोकसाहित्यविषयक लेखनात अशा उपासक-कलावंतांच्या परंपरांकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. शासनाच्या सूचीत गोंधळी समाजाची गणना भटक्या जमातींत होते. ज्यांच्या हातून कुळाचा सर्वांत पवित्र विधी करवून घ्यायचा त्यांनाच गावाच्या कडेला ठेवायचे, ही विसंगती या परंपरेच्या मुळाशी आहे. तिचा विचार पुढे केला आहे.

गोंधळाची मांडणी साधी असते. चौरंगावर किंवा पाटावर नवे वस्त्र, त्यावर धान्याचा चौक, मध्ये कलश, विड्याची पाने, नारळ, देवीचा टाक किंवा प्रतिमा. अनेक घरांत त्यावर उसाची ताटे बांधतात. दिवटी पाजळली की विधीला प्रारंभ होतो. वाद्ये मोजकीच. कमरेला बांधलेले लहान-मोठ्या तोंडांचे जोडसंबळ, एका तारेचे तुणतुणे आणि झांज. नायक मध्ये उभा राहतो आणि साथीदार त्याची झील धरतात.

पूर्वरंगात गण व देवतांचे आवाहन असते. तुळजापूर, माहूर, कोल्हापूर, जेजुरी, पंढरपूर अशा क्षेत्रांच्या दैवतांना नावे घेऊन गोंधळाला बोलाविले जाते. हे आवाहन म्हणजे एका अर्थी महाराष्ट्राचा श्राव्य नकाशाच. शाळकरी मुलाला आपले कुळ, आपले दैवत आणि त्या दैवताचा इतर दैवतांशी असलेला संबंध प्रथम या नकाशातून कळतो. उत्तररंगात आख्यान असते. नायक कथा सांगतो, मध्येच गातो, मध्येच साथीदाराशी संवाद करतो. साथीदार खोडसाळ प्रश्न विचारतो, यजमानांची थट्टा करतो, श्रोत्यांना कथेत ओढतो. शेवटी दिवट्यांसह आरती होते.

संगीतदृष्ट्या पाहता या सर्व रचनेचे मर्म लयीच्या व्यवस्थापनात आहे. आवाहनात संबळ वेग घेतो, आख्यानात तो मागे सरतो, कथेच्या कळसाला पुन्हा उसळतो. संबळाचा जोर जेवढा महत्त्वाचा तेवढेच त्याचे थांबणेही महत्त्वाचे असते. तो थांबतो तेव्हाच शब्द ऐकू येतात. ही वादन आणि कथन यांची अदलाबदल रात्रभर चालते आणि तिला रात्रभराचाच अवकाश लागतो. गोंधळात नृत्य आहे, परंतु ते कथेच्या पोटात आहे. कथेबाहेर काढल्यास त्याला वेग उरतो, अर्थ उरत नाही.

मंगल कार्यालयातील गोंधळ

मंगल कार्यालयातील मुंज सामान्यतः सकाळी सुरू होऊन दुपारच्या भोजनाला संपते किंवा सायंकाळच्या स्वागतसमारंभापर्यंत लांबते. कार्यालयाचे भाडे वेळेवर आकारले जाते आणि पुढच्या यजमानांसाठी ते वेळेत रिकामे करावे लागते. गोंधळाला तेथे जागा मिळते ती बहुधा तास-दीड तासाची. त्यात ध्वनिप्रदूषण नियंत्रणासंबंधीच्या २००० सालच्या नियमांची भर पडली. रात्री दहा ते सकाळी सहा या काळात सार्वजनिक ठिकाणी ध्वनिक्षेपकावर बंदी आली. सर्वोच्च न्यायालयाच्या २००५ मधील निकालाने या नियमांची अंमलबजावणी अधिक काटेकोर झाली. हा नियम योग्यच आहे. आजारी माणसाला, परीक्षेच्या विद्यार्थ्याला आणि वृद्धाला झोप मिळाली पाहिजे. त्याचा एक अनपेक्षित परिणाम मात्र नोंदविणे आवश्यक आहे. ध्वनिक्षेपकाशिवाय, चार भिंतींच्या आत, पन्नास-साठ माणसांपुढे होणाऱ्या घरगुती गोंधळाला या नियमाने फारशी बाधा येत नव्हती. शेकडो पाहुण्यांच्या सभागृहात ध्वनिक्षेपकावर अवलंबून असलेल्या गोंधळाला ती आली. म्हणजेच नियमापेक्षा सोहळ्याच्या वाढत्या आकाराने गोंधळाची रात्र हिरावून घेतली.

वेळ आक्रसला की काहीतरी कापावे लागते. कापले गेले ते आख्यान. पूर्वरंगातील आवाहन थोडक्यात होते, कारण त्यात गती आहे, जयघोष आहे, चित्रीकरणाला योग्य अशी दृश्यात्मकता आहे. आरती राहते, कारण तिच्याशिवाय विधी पूर्ण झाल्याचे समाधान मिळत नाही. मधली कथा जाते. काही सोहळ्यांत तर संबळवादक केवळ बटूच्या किंवा वधूवरांच्या प्रवेशाच्या वेळी पुढे चालतात आणि नंतर ध्वनिमुद्रित संगीत सुरू होते. अशा योजनेत गोंधळाचे स्थानच बदलते. जो विधी शेवटी येऊन पुनःप्रवेश घडवीत असे तो आता आरंभी येऊन आगमनाची वर्दी देतो. संबळ तोच, हातही बहुधा त्याच परंपरेतला, परंतु कार्य चौघड्याचे.

या बदलाचा परिणाम श्रोत्यावरही झाला. घरच्या गोंधळात श्रोता चौकाभोवती बसलेला असे आणि साथीदाराच्या थट्टेचा तो विषयही होत असे. सभागृहातील पाहुणा खुर्चीवर असतो, भोजनाच्या रांगेत असतो, भ्रमणध्वनीवर चित्रण करीत असतो. त्याला कोणी प्रश्न विचारीत नाही. बटूला तर मुळीच नाही. ज्याच्यासाठी सर्व मांडले तो मुलगा नव्या पोशाखात छायाचित्रकाराच्या सूचना पाळण्यात गुंतलेला असतो. त्याच्याशी त्या दिवशी अनेक जण बोलतात, पण संगीत त्याच्याशी बोलत नाही.

छावणी, बँड आणि मिश्रणाचा जुना वारसा

येथे एक आक्षेप संभवतो. संस्कारप्रसंगीचे संगीत कधीच एकजिनसी नव्हते, मग आजच्या मिश्रणाविषयीच तक्रार का? हा आक्षेप महत्त्वाचा आहे आणि छत्रपती संभाजीनगरसारख्या शहरात तो सप्रमाण मांडता येतो. या शहरातील छावणी हा भाग आपल्या नावानेच लष्करी तळाची आठवण ठेवतो. निजामाच्या राज्यात इंग्रजी अधिकाऱ्यांच्या हाताखाली असलेल्या सैन्याचे हे ठाणे होते. देशभरातील अशा लष्करी ठाण्यांतून पाश्चात्त्य पितळी वाद्ये, गणवेश आणि संचलनाची शिस्त नागरी जीवनात उतरली व तिच्यातून लग्नाचा बँड जन्मास आला. ग्रेगरी बूथ यांनी ‘ब्रास बाजा’ (२००५) या ग्रंथात या बँडवाल्यांच्या जीवनाचा साक्षेपी अभ्यास केला आहे. भिक्षावळीपुढे वाजणारा बँड ‘आपला’ वाटतो तो सवयीने. त्याची तुतारी व्यासपीठावरील कीबोर्डइतकीच परकी होती.

तथापि बँडने गोंधळाची जागा घेतली नव्हती, ही बाब ध्यानात घ्यावी लागते. बँड रस्त्यावर वाजला, गोंधळ घरात झाला. मिरवणुकीचे संगीत आणि कथेचे संगीत यांची क्षेत्रे वेगळी राहिली आणि म्हणून दोन्ही नांदली. अशोक दा. रानडे यांनी औरंगाबादेतून प्रसिद्ध झालेल्या ‘लोकसंगीतशास्त्र’ (१९७५) या ग्रंथापासून संगीताच्या कोटींचा जो विचार पुढे नेला त्यात आदिम, लोक, भक्ती, कला, जन आणि संगम अशा कोटी त्यांनी कल्पिल्या. या कोटी एकमेकींत मिसळतात, हेही त्यांच्या विवेचनातून स्पष्ट होते. त्या चौकटीत सांगायचे तर प्रश्न लोकसंगीतात जनसंगीत मिसळल्याचा नाही. लोकसंगीताचे कार्य जनसंगीताकडे सोपविले गेले आणि ते कार्य करण्याची सोय जनसंगीताच्या घडणीत नव्हती, ही खरी अडचण आहे.

चित्रपटातील गोंधळ

या संदर्भात चित्रपटसंगीताची चर्चा अपरिहार्य ठरते. अजय-अतुल या संगीतकार-बंधूंनी ‘सावरखेड एक गाव’ (२००४) मधील गोंधळगीताने संबळाला नव्या पिढीच्या कानांत पुन्हा स्थान मिळवून दिले. ‘जोगवा’ (२००९) या चित्रपटाच्या संगीताला राष्ट्रीय पुरस्कार लाभला. ‘सैराट’ (२०१६) मधील ‘झिंगाट’ या गीताने तर गाव, शहर, जात आणि वर्ग यांच्या सीमा ओलांडून प्रत्येक हळद, वरात आणि मुंजीच्या स्वागतसमारंभात प्रवेश केला. या संगीतात लोकलयीची जाण अस्सल आहे, वाद्यमेळाची भव्यता आहे आणि तरुणांना उठून नाचायला लावणारे सामर्थ्य आहे. त्याला सवंग म्हणून झटकणे समीक्षेला शोभणारे नाही.

तरीही या गीतांची रचना पाहिली तर त्यांची मर्यादा तिच्यातच दिसते. चार-पाच मिनिटांच्या गीताला आवाहनातील उत्कटता पुरते, आख्यान पुरत नाही. चित्रपटात त्याची उणीव भासत नाही, कारण तेथे कथा सांगण्याचे काम चित्रपटच करीत असतो. ‘सावरखेड’ मधील गोंधळाला त्या गावाची गोष्ट आहे, ‘जोगवा’ मधील गीतांना जोगत्या-जोगतिणींच्या वेदनेचा आधार आहे. हेच गीत मंगल कार्यालयात वाजते तेव्हा मात्र त्याच्यामागे कोणतीही कथा उभी नसते. परंपरेतील गोंधळाचे आख्यान गळाले आणि चित्रपटातील गोंधळाचा चित्रपट गळाला. उरला तो केवळ कळस, ज्याच्याखाली देऊळ नाही. सोहळ्यातील आवाज सतत टिपेला असतो, कारण खाली उतरून सांगण्यासारखे त्याच्यापाशी काही नसते.

एक तौलनिक उदाहरण : रोमानियातील होरा

हा अनुभव केवळ महाराष्ट्राचा नाही, हे स्पष्ट होण्यासाठी पूर्व युरोपातील रोमानियाचे उदाहरण उपयुक्त ठरते. तेथील खेड्यांत हात धरून वर्तुळाकार नाचले जाणारे ‘होरा’ हे सामूहिक नृत्य प्रसिद्ध आहे. सणाच्या दिवशी गावाच्या होरेत प्रथमच पाऊल टाकणे ही मुलामुलींसाठी वयात आल्याची जाहीर खूण होती. त्यानंतरच गाव त्यांना विवाहयोग्य मानीत असे. या संगीताचे महत्त्व बेला बार्टोक या हंगेरियन संगीतकाराने ओळखले. त्याने खेडोपाडी फिरून सुरावटी गोळा केल्या आणि १९१५ मध्ये त्यांच्यावर आधारित पियानोरचना सिद्ध केल्या. कॉन्स्टँटिन ब्रायलोयू यांनी १९२८ मध्ये बुखारेस्टमध्ये लोकसंगीताचे संग्रहालय उभारले. साम्यवादी राजवटीत १९७६ पासून चाललेल्या देशव्यापी महोत्सवाने लोकनृत्याला रंगमंचीय, एकसाची रूप दिले. आज तेथे अठरावा वाढदिवस सभागृह भाड्याने घेऊन साजरा करण्याची पद्धत रूढ आहे. एरवी आधुनिक नृत्यसंगीतात रमणारे तरुण त्या रात्री होरा आणि त्याहून वेगवान ‘सर्बा’ यांच्या तालावरही हात धरून नाचतात.

मराठी वाचकाला यातील दोन गोष्टी विचारार्ह वाटाव्यात. पहिली अशी की, सभागृह, ध्वनिक्षेपक आणि भाडोत्री वाद्यवृंद हे सर्व येऊनही होरेचे वर्तुळ टिकले. त्यात शिरणाऱ्या तरुणाचा हात कोणीतरी धरतो आणि आजी व नातू एकाच वर्तुळात येतात. होरेचे कार्य शरीरांच्या या साखळीत होते आणि ती साखळी सभागृहातही बांधता येते. गोंधळाचे कार्य कथनात होते आणि ते कार्यालयाच्या वेळापत्रकात मावले नाही. बदलाला तोंड देण्याची शक्ती संगीतप्रकाराच्या वयावर अवलंबून नसते. त्याचे मर्म कोठे साठविले आहे यावर ती अवलंबून असते.

दुसरी गोष्ट वाजविणाऱ्यांची. रोमानियातील व्यावसायिक लोकवादक, ज्यांना ‘लाउतारी’ म्हणतात, ते मुख्यतः रोमा समाजाचे. वालाकिया आणि मोल्दाविया या प्रांतांत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत, १८५५-५६ मधील अंतिम कायद्यांपर्यंत, हा समाज गुलामगिरीत होता. ज्यांच्या सुरांवर राष्ट्र आपली ओळख साजरी करते त्यांनाच राष्ट्राने माणूसपण नाकारले. हा विरोधाभास महाराष्ट्राला अपरिचित नाही.

वर्तुळाबाहेरचे

गोंधळाच्या हरवलेल्या आख्यानाविषयी बोलताना त्या जुन्या व्यवस्थेची किंमत कोणी मोजली, हे सांगितले नाही तर चिकित्सा अपुरी राहील. मुंज ही मुलांची, आणि तीही ठराविक जातींतील मुलांची. मुलीच्या वयात येण्याला जुन्या समाजात स्वतंत्र विधी होता. प्रथम ऋतुप्राप्तीनंतर तिला मखरात बसविले जाई, न्हाणाची गाणी म्हटली जात, ओटी भरली जाई. परंतु त्या काळी ती बहुधा विवाहित असे आणि तो सोहळा तिच्या सासरी जाण्याची पूर्वतयारी होता. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या विवाहाचे किमान वय चौदा ठरविले आणि १९७८ च्या दुरुस्तीने ते अठरा झाले. बालविवाहाबरोबर न्हाणाची गाणीही मागे पडली, याबद्दल खेद करण्याचे कारण नाही. मात्र त्यांच्या जागी दुसरे काहीच आले नाही. आजच्या मुलीच्या वाट्याला विवाहापूर्वी असा एकही प्रसंग नाही, ज्यात समाज तिला गाऊन सांगतो की तू आता जाणती झालीस. ज्ञान प्रबोधिनीसारख्या संस्थांनी मुलींचे उपनयन आणि किशोरवयीन मुलामुलींसाठी विद्याव्रत संस्कार रूढ करून ही उणीव ओळखली. त्या संस्कारांना लोकसंगीताची जोड लाभली तर ते अधिक व्यापक होतील.

वाद्य वाजविणाऱ्यांचा प्रश्न याहून तीव्र आहे. गोंधळ्याला देवीचा मान मिळाला, पण स्थिर घर मिळाले नाही. हलगी वाजविणाऱ्यांना मंगलप्रसंगी बोलाविले गेले आणि पंगतीत दूर बसविले गेले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या मानाच्या आवरणाखालील अवमान उघड केला. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर बावीस प्रतिज्ञांचे पालन करणाऱ्या घरांतून गोंधळ-जागरणासारखे कुलाचार गेले. छावणीलगतच्या नागसेनवनात हा इतिहास जवळून पाहता येतो. तेथे आंबेडकरांनी १९५० मध्ये सुरू केलेल्या महाविद्यालयाने मराठवाड्यातील वंचितांच्या पिढ्यांना शिक्षणाचे दार उघडून दिले. त्या समाजाने संगीत सोडले नाही, त्याचे विषय आणि मालकी बदलली. आंबेडकरी जलसे, वामनदादा कर्डक (१९२२-२००४) यांच्यासारख्या लोककवींची गीते आणि गायनपार्ट्या यांनी विवाहापासून जयंतीपर्यंत प्रत्येक प्रसंगाला नवे आख्यान दिले. मुलांसाठी श्रामणेर शिबिरे आली. तेथेही क्षौर आहे, चीवर आहे, काही दिवसांचा गृहत्याग आहे. मात्र जातीची अट नाही.

हा विरोधी दाखला नव्हे, पूरक दाखला आहे. परंपरेचा विधी नाकारणाऱ्यांनीही वयात येणाऱ्या मुलाला कथा सांगणे सोडले नाही. उलट कोणती कथा सांगायची याविषयी ते अधिक जागरूक राहिले. ज्यांनी विधी टिकविला त्यांनी कथा सोडली आणि ज्यांनी विधी सोडला त्यांनी कथा टिकविली, असे हे चित्र आहे. त्यातून कथा हेच या संगीताचे सत्त्व असल्याचे सूचित होते.

आख्यानाचे पुनर्वसन

आख्यान आजच्या श्रोत्याला पेलणार नाही, असे म्हटले जाते. त्याला उत्तर म्हणून ‘जांभूळ आख्यान’ पुढे ठेवता येईल. द्रौपदीच्या मनातील कर्णाविषयीची अभिलाषा जांभळाच्या निमित्ताने उघड होते, असे हे महाभारताबाहेरचे, लोकमानसाने रचलेले आख्यान. परभणीचे गोंधळमहर्षी राजारामबापू कदम यांच्यासारख्या कलावंतांनी गोंधळातील आख्यानपरंपरा मराठवाड्यात जिवंत ठेवली. लोकशाहीर विठ्ठल उमप (निधन २०१०) यांनी ‘जांभूळ आख्यान’ रंगमंचावर आणले आणि त्याचे प्रयोग शहरी प्रेक्षकांनी डोक्यावर घेतले. उमप हे आंबेडकरी चळवळीतील गायक होते, ही बाब विशेष अर्थपूर्ण आहे. कुलाचाराच्या चौकटीतून मोकळे झालेले आख्यान त्यांच्या कंठात कला म्हणून आणि प्रश्न म्हणूनही उभे राहिले. पतिव्रतेच्या मनातही इच्छा असते आणि ती कबूल करण्यात अधर्म नाही, असे धाडसी विधान हे आख्यान हसत-खेळत करते. वयात येणाऱ्या मुलामुलींनी ऐकावे असे याहून प्रौढ काय असू शकेल?

रंगमंचाला मात्र एक मर्यादा आहे. तिकीट काढून आलेला प्रेक्षक कलेचा आस्वाद घेतो. त्याच्या आयुष्यातील कोणताही टप्पा त्या रात्री ओलांडला जात नाही. विधीपाशी प्रसंग आहे, पण आख्यान नाही. रंगमंचापाशी आख्यान आहे, पण प्रसंग नाही. दोन्हींची पुनर्भेट घडविणे अशक्य नाही. कार्यालयाच्या वेळापत्रकाबाहेर, मुंजीच्या दुसऱ्या दिवशी, घरी किंवा सोसायटीच्या छोट्या सभागृहात, ध्वनिक्षेपकाविना दोन तासांचा गोंधळ होऊ शकतो. स्वागतसमारंभातील ध्वनियंत्रणेवर जो खर्च होतो त्याचा काही भाग कलावंताच्या मानधनाकडे वळविता येईल. ‘बिदागी’ हा शब्द मागे पडून ‘मानधन’ हा शब्द व्यवहारात रुजला तर कलावंत आणि यजमान यांचे नातेही बदलेल. गोंधळ्यांच्या मुलांनी संबळ सोडून शिक्षण घ्यावे की संबळ घेऊन शिक्षण घ्यावे, हा निर्णय त्यांचा आहे. समाजाने एवढेच करावे की दुसरा पर्याय दारिद्र्याचा समानार्थी ठरू देऊ नये.

समारोप

उपरोक्त विवेचनातून पुढील निष्कर्ष हाती येतात.

१. मराठवाड्यातील देशस्थ कुटुंबांत मुंज आणि गोंधळ हे एकाच अवस्थांतराचे दोन भाग होते. मुंजीने घडविलेले विलगीकरण गोंधळातील आवाहन व आख्यान यांद्वारे पुनःप्रवेशात परिणत होत असे.

२. मंगल कार्यालयाचे वेळापत्रक, सोहळ्याचा वाढता आकार आणि ध्वनिक्षेपकावरील अवलंबन यांमुळे गोंधळातील आख्यान गळाले व नृत्य-वादनाचा अंश उरला. त्यामुळे विधीचे स्थान अखेरीकडून आरंभाकडे सरकले आणि त्याचे कार्य बदलले.

३. बँड किंवा चित्रपटसंगीत यांचे आगमन हे या बदलाचे मूळ कारण नव्हे. भिन्न संगीतप्रकार आपापल्या क्षेत्रांत एकत्र नांदू शकतात. बिघाड होतो तो एकाचे कार्य दुसऱ्यावर लादल्याने.

४. जुनी व्यवस्था जशीच्या तशी परत आणणे शक्य नाही आणि इष्टही नाही. तिने मुलींना, अनेक जातींना आणि खुद्द कलावंतांना सन्मानाच्या वर्तुळाबाहेर ठेवले होते.

५. आंबेडकरी गीतपरंपरा आणि ‘जांभूळ आख्यान’ यांच्या अनुभवावरून आख्यान हे विधीपासून वेगळे करून नव्या आशयासह जगू शकते, हे सिद्ध होते.

मुलगा किंवा मुलगी वयात येते तेव्हा समाजापाशी तिला देण्यासारखे नेमके काय आहे, हे त्या दिवशीच्या संगीतावरून ओळखता येते. संबळ अजून वाजतो आहे आणि तो वाजविणारे हातही आहेत. तो थोडा वेळ थांबवून त्या मुलाकडे वळणारा आणि त्याला एक गोष्ट सांगणारा नायक मात्र आज सोहळ्यातून अनुपस्थित आहे. त्याला पुन्हा बोलावणे यजमानाच्या हाती आहे. तो आल्यावर कोणती गोष्ट सांगेल, याचा विचार करणे अध्यापक आणि अभ्यासक यांचे काम आहे.